खाण्यासाठी जबलपूर, तेही दोघींनी

जिवाभावाच्या मैत्रिणीबरोबर केवळ खाण्यासाठी मध्य प्रदेशात जायचं म्हटलं की सगळे इंदूरचं नाव घेतात. माझं मत जबलपूरला. खाण्यासाठी गाजलेल्या गावात काय खायचं हे आधीच ठरलेलं असतं. आपण फक्त यादी पुरी करायची. जबलपुरात दोघींना ठरवावं लागतं, आणि एकमेकींची आवड कळते ती अशा ठरवण्यातच. शिवाय इथलं खाणं वाटून घेण्याजोगं आहे. खोव्याची जिलेबी काळपट, जाड, पाकाने जड. एकटीला ती लवकर पुरे होते, अर्धी-अर्धी केली की गरम मंगोड्यांना, म्हणजे मूगडाळीच्या भज्यांना, पोटात जागा उरते. हिवाळ्यात तर जिल्ह्यात मुबलक पिकणारा मटारही मदतीला येतो.

कोणी म्हणेल, या शहराला खाण्याची स्वतःची ओळख कुठे आहे? पण १७९८ ते १८१७ इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि १८७० मध्ये मुंबई व कलकत्त्याकडून आलेले लोहमार्ग इथेच जुळले. अशा वाटेवरच्या गावाने एकाच चवीचा हट्ट धरावा कसा? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चव एकटीनेच नीट कळते, गप्पांत ती हरवते. पहिल्या घासापुरतं हे खरं. मात्र गोड जास्त झालं की बेताचं, हा वाद घालायला समोर दुसरी जीभ लागतेच; आणि वाद झाला की आपली आवड निव्वळ सवय आहे की पारख, हेही तपासून होतं.