गोमुखाची माघार

गंगोत्रीला जाणाऱ्या बहुतेकांची यात्रा मंदिरापाशीच संपते. भागीरथीत स्नान करावे, देवीचे दर्शन घ्यावे, तांब्याचा गडू भरून त्याला डाख देऊन घ्यावा आणि परतीच्या मोटारीत बसावे, असा रिवाज पडून गेला आहे. परंतु ज्या हिमातून ही नदी बाहेर पडते ते गोमुख तेथून 18 किलोमीटर वर, समुद्रसपाटीपासून सुमारे 4,000 मीटर उंचीवर आहे. इंदूरच्या अहिल्याबाईंनी देशोदेशीच्या देवालयांना गंगाजलाच्या कावडी पोहोचविण्याची व्यवस्था केली होती. त्यांच्या गावच्या आम्हा माणसांना ते जल मुळात कोठून येते हे पाहण्याची ओढ असणे स्वाभाविकच होते. तसा योग 2019 सालच्या ज्येष्ठात आला.

उत्तरकाशीहून वर जाताना हर्षिल लागते, आणि मग सफरचंदांच्या बागांचे धराली. आम्ही त्या गावी चहा घेतला होता. 5 ऑगस्ट 2025 रोजी खीरगंगेच्या लोंढ्याबरोबर आलेल्या दगडमातीखाली त्या गावाचा मोठा भाग गाडला गेला. आता त्या प्रवासाविषयी लिहू लागलो की ती बाजारपेठ प्रथम डोळ्यांपुढे येते.

गंगोत्रीच्या पुढे राष्ट्रीय उद्यानाची हद्द आहे. दिवसाला ठरावीक संख्येनेच यात्रेकरूंना परवानगी मिळते, आणि ते योग्यच आहे. नऊ किलोमीटरवर चीडवासा, चौदावर भोजवासा. भोजवासा हे नाव भूर्जवृक्षांच्या वनावरून पडले. पण सरपणासाठी तोड होऊन ते वन आता बरेचसे नावातच उरले आहे. उजवीकडे खोल दरीत भागीरथी, डावीकडे ढासळता उतार आणि समोर भागीरथी शिखरे असा तो मार्ग. वाटेत काही धोंड्यांवर वर्षांचे आकडे रंगविलेले दिसले. आम्हांला वाटले, कोणा हौशी यात्रेकरूंनी आपल्या भेटीची आठवण ठेवली असेल. बरोबरच्या भारवाह्याने सांगितले, "नहीं बाबूजी, तब गोमुख यहाँ था." आम्ही पुढे पाहिले. गोमुख तेथून दिसतही नव्हते.

या माघारीची नोंद जुनी आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जे. बी. ऑडन यांनी 1935 साली या हिमनदीच्या मुखाचे मोजमाप केले. त्यानंतर 1996 पर्यंतच्या सुमारे साठ वर्षांत मुख एक किलोमीटरहून अधिक मागे सरकले, म्हणजे सरासरीने वर्षाला सुमारे 19 मीटर. घराच्या अंगणाएवढी वाट दरवर्षी मोकळी होत गेली म्हणावयाची.

वनखात्याच्या सूचनेप्रमाणे आम्ही मुखाचे दर्शन अंतरावरूनच घेतले. गाईच्या मुखाचा आकार शोधावा लागला. मळकट, करड्या बर्फाची एक भिंत, तिच्या तळातून धडधडत निघणारे गढूळ पाणी, आणि भिंतीच्या माथ्यावर दगडगोट्यांचा खच. शुभ्र हिमाची कल्पना करून गेलेल्यांची थोडी निराशाच होते. त्यामागे चौखंबापर्यंत सुमारे 30 किलोमीटर लांबीची हिमनदी पसरली आहे, हे सांगूनही खरे वाटत नाही.

हिमनदी ही खरोखरीच नदी आहे. फक्त तिची गती आपल्या डोळ्यांना जाणवत नाही. उंचावर पडलेले हिम थरावर थर साचून स्वतःच्या भाराने बर्फ होते आणि तो बर्फ उतारावरून सावकाश खाली सरकतो. खाली ऊब असते, तेथे तो वितळतो. वरची आवक आणि खालचा खर्च सारखे असतील तोवर मुख जागच्या जागी राहते. हवा तापू लागली की हा हिशेब दोन्ही बाजूंनी बिघडतो. खाली वितळणे वाढते आणि अधिक काळ चालते. वर, जेथे हिम पडावयाचे तेथे पाऊस पडू लागतो. पांढरे हिम ऊन परतवून लावते. ते लवकर गेले की खालचा काळपट बर्फ तेच ऊन शोषून घेतो, आणि वितळण्याला आणखी वेग येतो.

मात्र नुसत्या मुखाकडे पाहून हिमनदीची प्रकृती ओळखता येत नाही. धुळीचा वा काजळीचा पातळ थर बर्फ लवकर वितळवितो, तर दगडगोट्यांचा जाड थर पांघरुणासारखा त्याचे रक्षण करतो. म्हणून मुख फारसे हललेले नसतानाही आतल्या आत बर्फाची जाडी घटत असते. रक्तवर्ण आणि चतुरंगी या बाजूच्या हिमनद्या पूर्वी गंगोत्रीला येऊन मिळत. आता त्या तिच्यापासून तुटल्या आहेत. घरातले कर्ते पुरुष ताठ दिसावेत आणि अंगरख्याआड देह झिजत असावा, तसा हा प्रकार आहे.

दुसरी गोष्ट अशी की मोठी हिमनदी उत्तर उशिरा देते. आज मुख मागे जाते ते बऱ्याच अंशी गेल्या कित्येक दशकांच्या उष्णतेचे उत्तर होय. आज हवेत सोडलेल्या धुराचे उत्तर आपल्या नातवंडांना मिळावयाचे आहे. तापमानवाढ आजच थांबली तरी पुढील काही दशके हा बर्फ घटतच राहील.

भोजवाशाला रात्री हीच चर्चा चालली असता आमच्यातल्या वडीलधाऱ्या काकूंनी विचारले, "म्हणजे गंगा आटणार का हो?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर एका शब्दात नाही. हिमालयातील हिमनद्या 2035 पर्यंत नाहीशा होतील असे एक विधान आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या 2007 च्या अहवालात आले होते. ते निराधार ठरून 2010 साली मागे घ्यावे लागले. तेवढ्यावरून सारेच थोतांड आहे असे म्हणणारेही निघाले. वस्तुस्थिती या दोहोंच्या मध्ये आहे, आणि ती पुरेशी गंभीर आहे. काठमांडूच्या पर्वतविकास संस्थेच्या 2023 च्या अहवालानुसार हिंदुकुश-हिमालयातील हिमनद्यांची झीज 2011 ते 2020 या दशकात आधीच्या दशकापेक्षा 65 टक्क्यांनी अधिक वेगाने झाली. तापमानवाढ दीड ते दोन अंशांवर रोखली तरी या शतकाअखेर 30 ते 50 टक्के बर्फ जाईल.

काशीची गंगा मुख्यतः पावसावर आणि झऱ्यांवर वाहते. ती केवळ हिमनदी घटल्याने आटणार नाही. आमची नर्मदा तर अमरकंटकला उगम पावते. तिच्या माथ्यावर बर्फाचा कणही नाही, तरी ती बारमाही आहे. परंतु डोंगरातल्या गावांची गोष्ट वेगळी. पावसाळ्यापूर्वीच्या कोरड्या महिन्यांत तेथे नदीला हिमाचाच आधार असतो. शिवाय येथे एक फसवी पायरी आहे. बर्फ जसजसा अधिक वितळतो तसतसे काही काळ नदीला पाणी वाढतेच. आवक घटलेल्या घरात ठेव मोडून खर्च चालू लागला की काही वर्षे दिवाळी थाटात होते, शेजाऱ्यांना वाटते बरे चालले आहे. मुद्दल बरेचसे सरल्यावर पाणी उतरू लागते, आणि ते पुन्हा साठावयास शतके लागतात.

हेच गणित ध्रुवांकडे प्रचंड प्रमाणावर चालू आहे. ग्रीनलंडचा हिमस्तर सारा वितळला तर जगातील समुद्राची पातळी सुमारे 7 मीटरने वाढेल; अंटार्क्टिकात तर सुमारे 58 मीटर वाढेल एवढे बर्फ आहे. हे एका पिढीत घडणारे नव्हे. हिमस्तरांचे उत्तर शतकांनी येते. पण अंटार्क्टिकाच्या पश्चिम भागात बर्फाचा पाया समुद्रपातळीच्या खाली आहे, आणि कोमट झालेले समुद्राचे पाणी तो तळातून पोखरते आहे. मुंबईत वा गोव्यात ज्यांचे लेकीजावई राहतात अशा आमच्या वाचकांना गोमुखापेक्षाही ही दूरची बातमी अधिक जवळची वाटावी.

ज्यांना शक्य असेल त्यांनी गोमुखाला अवश्य जावे. परवाना आधी काढावा, उंचीची सवय होण्यासाठी गंगोत्रीला एक मुक्काम करावा, प्लॅस्टिकचा कपटाही मागे ठेवू नये. वाटेतल्या धोंड्यांवरील वर्षे मुलांकडून वाचून घ्यावीत आणि त्यांपैकी एखाद्या धोंड्यापासून मुखापर्यंतचे अंतर त्यांना पावलांनी मोजावयास लावावे. काकूंनी गडू भरून आणला. मावंद्याच्या दिवशी तो उघडला तेव्हा त्यांनी प्रत्येकाच्या तळहातावर अगदी थेंबभरच तीर्थ दिले. एरवी त्यांचा हात सैल. कोणीतरी थट्टेने कारण विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "पाहून आले ना मी, कितीसे उरले आहे ते."