ताबा कुणाचा सुटला?

रात्री साडेअकरानंतर जिल्हा आवृत्तीची पानं सोडायची घाई सुरू होते. नेमका तेव्हाच तालुक्याच्या वार्ताहराचा फोन येतो, "अ‍ॅक्सिडेंट आहे, एक ठार, दोन ओळी घ्या." त्या दोन ओळी बोटांना पाठ असतात. चालकाचा ताबा सुटला, दुचाकीस्वारावर काळाने घाला घातला. वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी असेल, तर तिच्यातल्या ‘अ‍ॅक्सिडेंट’चा ‘अपघात’ करायचा आणि पुढच्या बातमीला लागायचं. कित्येक वर्षं मी हेच करत आलो.

एका सकाळी एका गृहस्थांचा फोन आला. त्यांचा धाकटा भाऊ गेला होता. आवाजात राग नव्हता. "साहेब, टेम्पो राँग साइडने आला होता. तुमच्या बातमीत टेम्पोच नाही." मी अंक काढून पाहिला. भाऊ होता, त्याचं वय होतं, गावाचा फाटा होता, काळही होता. टेम्पो खरंच नव्हता.

आणि फिर्यादीत तो होता! पोलिसांच्या कागदावरचं ते वाक्य आम्ही पत्रकार रुक्ष म्हणून बाजूला सारतो : ‘रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगाने वाहन चालवून...’ छापील साच्यातलं असलं तरी त्या वाक्याला कर्ता आहे. कुणीतरी दुर्लक्ष केलं, कुणीतरी हयगय केली. आमच्या टेबलावर बातमी सुबक होता होता तो कर्ता गळून पडतो.

‘अ‍ॅक्सिडेंट’ हा शब्द मुळात लॅटिन. अंगावर येऊन पडणं, ओढवणं असा त्याचा अर्थ. इंग्रजीत तो दोन गोष्टी एकाच दमात सांगतो : कुणाचा हेतू नव्हता आणि कुणाची चूकही नव्हती. पण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. माणसाला चिरडायचं म्हणून कुणी घरातून निघत नाही. चालत्या गाडीत मोबाइल बघायचा, हे मात्र त्याचं त्यानेच ठरवलेलं असतं. 1896 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसजवळ मोटारीखाली सापडून ब्रिजेट ड्रिस्कॉल ही बाई गेली. ब्रिटनमध्ये पेट्रोलच्या मोटारीने पादचारी दगावल्याची ही पहिली घटना. चौकशीअंती ज्यूरीने निकाल दिला : अपघाती मृत्यू. शब्द तेव्हापासून मोटारीला चिकटला तो चिकटलाच.

तिकडे त्यावर विचार मात्र झाला. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने 2001 मध्ये आपल्या पानांवर या शब्दाला बंदी केली, बहुतेक इजा टाळता येण्याजोग्या असतात, हे त्यांचं कारण. न्यूयॉर्क पोलिसांनी 2013 मध्ये आपल्या तपास पथकाच्या नावातून तो काढला. 2016 मध्ये असोसिएटेड प्रेसच्या शैलीपुस्तकाने पत्रकारांना बजावलं की निष्काळजीपणाचा आरोप असेल किंवा तो सिद्ध झाला असेल, तर ‘अ‍ॅक्सिडेंट’ टाळा. जबाबदार माणसाला त्यातून दोषमुक्त केल्यासारखं होतं.

आपल्या केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालाच्या नावातच हा शब्द आहे. 2022 च्या अहवालात 4,61,312 घटना आणि 1,68,491 मृत्यू नोंदले आहेत. यातल्या सर्वाधिक मृत्यूंच्या पुढे कारण लिहिलंय, अतिवेग. वेग आकाशातून पडत नाही. हमरस्त्यावर पाटी असते, ‘अपघातप्रवण क्षेत्र, वाहने सावकाश हाका’. जणू माणसं मारणं हा त्या डांबराचाच स्वभाव! वळण चुकीचं आखलं कुणी, दुभाजक तोडून रस्ता काढला कुणी, हे पाटी विचारत नाही आणि आम्हीही विचारत नाही.

मराठीला तर यातली गोम फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ‘अपघात’ या शब्दातच ‘घात’ आहे. विश्वासघात म्हटलं की तो करणारा डोळ्यांसमोर येतो. ‘अपघात की घातपात?’ असा मथळा आपण अजून लावतो. म्हणजे संशय असला तरच माणूस शोधायचा, एरवी काळावर सोडून मोकळं व्हायचं.

टेबलावरच्या नव्या मुलीने मला रास्त प्रश्न विचारला, "सर, गुन्हा सिद्ध व्हायच्या आधी आपण दोषी कसं ठरवायचं?" ठरवायचं नाहीच. त्यासाठी ‘धडक’ हा साधा शब्द आहे. धडक बसली एवढंच तो सांगतो. कुणाला सोडत नाही, कुणाला अडकवत नाही. उलट ‘अपघात’ लिहिला की तपास सुरू व्हायच्या आतच आपण निकाल देऊन बसतो. पुढचं ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ करून लिहिता येतं. आणि खरोखरच कुणाचा दोष नसेल, अचानक दरड कोसळली असेल, तर ‘दरड कोसळली’ असं लिहावं. तिथेही काळाची गरज नाही.

ती वही पुढे ओढून लिहू लागली.

परवा पुन्हा तशीच बातमी आली. जागा सिंगल कॉलमची. ‘टेम्पोच्या धडकेत दुचाकीस्वार तरुण ठार’ काही केल्या बसेना. तिने ‘तरुण’ काढला, टेम्पो ठेवला.