चकाकतं ते कनेक्टर नसतं!

प्रत्येक ऑफिसात एक तरी असा चार्जर असतोच, जो ‘जरा तिरका धरला की’ चालतो. वायर वळवायची, खाली स्टेपलर सरकवायचा, वर डायरीचं वजन ठेवायचं आणि श्वास रोखून बसायचं... लाखभर रुपयांचा लॅपटॉप आणि त्याचा जीव अडकलाय एका सैल पिनमध्ये! चार्जरच्या बाबतीत हे चालून जातं. फार तर ऐन प्रेझेंटेशनमध्ये स्क्रीन काळी होते, बॉस बघतो, आपण कसंनुसं हसतो. पण मला जो छंद आहे ना, तिथे हा ‘तिरका धर’ फंडा अजिबात चालत नाही.

मी हॅम आहे. सँडविचमधला नव्हे, रेडिओवाला. म्हणजे परीक्षा द्यायची, केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवाना घ्यायचा, ‘व्हीयू’ने सुरू होणारं कॉल साइन मिळवायचं आणि मग स्वतःच्या रेडिओवरून गावोगावच्या, देशोदेशीच्या लोकांशी बोलायचं. ‘अरे, पण हातात मोबाइल असताना हे कशाला?’ हा प्रश्न मला लग्नाच्या प्रत्येक पंगतीत विचारला जातो. माझी दोन उत्तरं ठरलेली आहेत. पहिलं, २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबई पाण्यात गेली आणि नेमके मोबाइल मुके झाले. दुसरं त्याच्या सात महिने आधीचं. भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौस म्हणून अंदमानातून रेडिओवर बोलायला गेले होते. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली आणि तो हौसेचा रेडिओच बेटांवरच्या माणसांचे निरोप पोचवायला लागला.

टॉवर नको, इंटरनेट नको. बॅटरी, रेडिओ, वायर आणि अँटेना, बस्स! पण हे एकमेकांना जोडणारी बोटाच्या पेराएवढी एक वस्तू असते, कनेक्टर नावाची. रेडिओ घेताना आपण महिनाभर रिसर्च करतो. कनेक्टर? तो दुकानदार जो देईल तो!

याची किंमत काय असते ते मागच्या एका पावसाळ्यात कळलं. आमच्या ग्रुपचा भंडारदऱ्याच्या बाजूला ट्रेक ठरला होता. पंचवीसेक जण, त्यातले निम्मे पहिल्यांदाच डोंगरात येणारे. वरच्या टप्प्यात मोबाइलची रेंज नव्हती, म्हणून ठरलं की पायथ्याच्या गावात एक २५ वॅटचा रेडिओ लावायचा, वर जाणाऱ्या दोघा परवानाधारकांच्या हातात हँडसेट द्यायचे. रेडिओ, अँटेना, पंधरा मीटर वायर, सगळं एका मित्राचं. शुक्रवारी रात्री कोथरूडला त्याच्या सोसायटीच्या गच्चीवर टेस्टिंग सुरू केलं... आणि चार किलोमीटरवरच्या मित्राला आमचा आवाज खरखरीतून जेमतेम ऐकू येत होता.

मजा म्हणजे मीटर एकदम खूष! एसडब्ल्यूआर नावाचा एक आकडा असतो. रेडिओने पाठवलेल्या ताकदीपैकी किती परत फिरतेय ते तो सांगतो. १.५ असेल तर ४ टक्के परत येते, ३ असेल तर तब्बल २५ टक्के. आमचा आकडा होता १.२. सॉलिड! मित्र म्हणाला, “अँटेना ठीक आहे, वायर ठीक आहे, रेडिओच गेला. विकून टाकतो.”

आमच्यात एक काका आहेत, रेल्वेतून रिटायर झालेले. ते शांतपणे म्हणाले, “विकशील रे, पण आधी वायरच्या पलीकडच्या टोकाला मीटर लाव.”

लावला. रेडिओतून २५ वॅट निघत होते, पलीकडे पोचत होते तीन!

“कळलं का?” काका म्हणाले. “निघालेली पॉवर वाटेतच जिरतेय. परत यायला काही उरलंच नाही, तर मीटर छानच दाखवणार ना!”

वरचा कनेक्टर उघडला आणि गच्चीवर शांतता पसरली. बाहेरून तो सोन्यासारखा झळकत होता. आत मधली पिन एका बाजूला कललेली, तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक सोल्डर करताना वितळून बसलेलं आणि तांब्याची जाळी हिरवीकाळी पडलेली. कनेक्टरच्या फटीतून पाणी शिरलं होतं आणि दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं जाळीतून आत आत गेलं होतं. एका दुकानातून ही वायर कनेक्टर लावून ‘रेडीमेड’ आणली होती. दिसायला झकास होती, त्यामुळे आत डोकवायचं कुणाच्या मनात कशाला येईल?

हातात शनिवारचा एकच दिवस होता. सकाळी आम्ही तिघं बुधवार पेठेत तपकीर गल्लीत हजर.

तिथे जाण्याआधी काकांनी चहाच्या टपरीवर आमचा क्लास घेतला. ही वायर म्हणजे कोअॅक्सियल केबल. मधे एक तार, तिच्याभोवती इन्सुलेशन, त्यावर जाळी, वरून काळं आवरण. रेडिओच्या लहरी या तार आणि जाळी यांच्या मधल्या जागेतून धावतात. त्यामुळे तार किती जाड, जाळी किती लांब, मधे कुठला पदार्थ यावर केबलचा एक स्वभाव ठरतो. रेडिओवाल्यांचा स्वभाव ५० ओहमचा, टीव्हीच्या केबलचा ७५ चा. कनेक्टर म्हणजे या दोघांच्या मधे येणारा नातेवाईक! तो त्याच स्वभावाचा असला तर लहरींना सांधा आलाय हे कळतसुद्धा नाही. नसला की थोडी ताकद तिथून मागे फिरते.

मग घराण्यांची ओळख. सगळ्यात जुनं घराणं पीएल-२५९. १९३० च्या दशकात अँफेनॉल कंपनीच्या क्वॅकेनबुश यांनी काढलेलं. जाडजूड, आटे फिरवून बसणारं, स्वस्त. त्याला म्हणतात ‘यूएचएफ कनेक्टर’, पण त्या नावावर जाऊ नका. त्या काळात ज्याला यूएचएफ म्हणत ते आजच्या हिशेबाने फारच खालचं. याचा स्वभाव काही नेमका ५० ओहमचा नाही आणि पावसापासून स्वतःचं रक्षणही त्याला करता येत नाही. तरी त्याला नाकं मुरडू नयेत. ३० मेगाहर्ट्झच्या खाली तो आयुष्यभर साथ देतो. आमच्या १४५ मेगाहर्ट्झलाही कोरड्या जागी चालून जातो. आपल्याकडच्या बहुतेक गाडीत लावायच्या रेडिओंना मागे त्याचंच सॉकेट असतं.

दुसरं घराणं एन टाइप. बेल लॅब्जच्या पॉल नील यांचं, १९४० च्या दशकातलं. एन म्हणजे नील. हा बरोब्बर ५० ओहमचा आणि आत रबराची रिंग असल्यामुळे पाण्याला दाद न देणारा. ४३५ मेगाहर्ट्झच्या वर काम असेल किंवा सांधा उघड्यावर राहणार असेल, तर डोळे मिटून एन घ्यावा. डोळे मिटून म्हणजे अगदीच मिटून नव्हे हं! ७५ ओहमचाही एन मिळतो, त्याची मधली पिन बारीक असते. त्याच्या सॉकेटमध्ये ५० ची जाड पिन घुसवली की सॉकेट कायमचं फाकतं.

नीलसाहेबांचंच आडनाव बीएनसीमध्येही आहे, सोबत कॉन्सेलमन यांचं. दाबा, थोडं फिरवा, खट्कन बसतो. टेस्टिंगला मस्त. आणि हँडसेटवर असतो तो इवलासा एसएमए. तिथे खरेदीआधी एकच गोष्ट बघायची, पिन कुणाकडे आहे? बऱ्याच जपानी सेटवर पिन अँटेनाकडे असते, अनेक चिनी सेटवर रेडिओकडे. उलटा आणला की मग अॅडॅप्टर शोधा. काकांच्या मते प्रत्येक अॅडॅप्टर म्हणजे बिघडायला दिलेली आणखी एक जागा.

दुकानात पहिल्यांदा समोर आला तो सोनेरी माल. चकचकीत पाकीट, चकचकीत पिन. काकांनी तो बाजूला सारला आणि दुकानदाराला म्हणाले, “मधलं इन्सुलेशन टेफ्लॉनचं आहे का? एक जादा देता? त्याचे पैसे देतो, पण जाळून बघणार.” दुकानदार हसला. त्याला असली गिऱ्हाइकं नवीन नव्हती. त्याने स्वतःच सोल्डरिंग आयर्न पुढे केलं. पहिल्या कनेक्टरचं प्लॅस्टिक दोन सेकंदांत लोण्यासारखं खचलं. दुसऱ्याचं पांढरं टेफ्लॉन तसंच राहिलं. टेफ्लॉन ३२७ अंशांपर्यंत वितळत नाही. आमच्या वायरीतली पिन का कलली होती, ते समोरच दिसलं.

मग मुलामा. सोनं गंजत नाही, छोट्या एसएमएच्या पिनेवर ते शोभतंही. पण स्वस्तातल्या मालावर अनेकदा सोन्याचा फक्त रंग असतो. निकेल दिसायला छान, पण त्यावर सोल्डर नीट धरत नाही, आधी कानशीने घासावं लागतं. चांदी काही महिन्यांत काळवंडते, पण सोल्डर झटकन घेते आणि ते काळं पडणं आमच्या फ्रीक्वेन्सीला सहसा आड येत नाही. म्हणजे सगळ्यात मळकट दिसणारा सगळ्यात कामाचा! शेवटी आटे बघायचे. चांगला कनेक्टर दोन बोटांनी शेवटपर्यंत फिरतो आणि बसल्यावर डुगडुगत नाही.

केबलही बदलायचं ठरलं, कारण जाळीत पाणी शिरलेली वायर वाळत घालून सुधारत नाही. आधीची आरजी-५८ अशीही बारीक. ती धडधाकट असती तरी १४५ मेगाहर्ट्झला पंधरा मीटरमध्ये जवळपास निम्मी पॉवर खाते. आम्ही जाड आरजी-२१३ घेतली. रेडिओकडच्या टोकाला चांदीचा पीएल-२५९, वर अँटेनाकडे एन. दोन्ही याच जाडीच्या केबलसाठीचे, कारण बारीक केबलवर मोठा कनेक्टर ठोकून बसवला की तो पहिल्या हिसक्याला निघतो.

संध्याकाळी काकांनी १०० वॅटचं आयर्न आणलं. “लहान आयर्नने पाच मिनिटं भाजलंस तर केबलचं आतलं पॉलिथिन वितळेल. मोठं घे, चार सेकंदांत मोकळा हो.” मग मल्टिमीटर. मधल्या तारेपासून जाळीपर्यंत काही संबंध नको, या टोकाच्या पिनेपासून त्या टोकाच्या पिनेपर्यंत मात्र पूर्ण जोड हवा. वरच्या सांध्यावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळली, खालून वर, म्हणजे कौलांसारखे पदर एकमेकांवर येतात आणि पाणी खाली ओघळतं. त्यावर साधी काळी टेप, उन्हापासून रबर वाचवायला. कनेक्टरच्या खाली केबलला एक झोल, म्हणजे थेंब सांध्याकडे न येता झोलाच्या तळाशी गळून पडतात. पलीकडच्या टोकाला मीटर लावला, १८ वॅट!

रविवारी दिवसभर धो धो पाऊस. दुपारी दीडच्या सुमाराला वरून हँडसेटवर आवाज आला, एकीचा पाय निसरड्या दगडावरून सटकलाय, घोटा सुजलाय, चालता येत नाही. एकदाच सांगितलं, एकदाच ऐकू आलं. ‘काय? परत सांग’ असं कुणाला म्हणावं लागलं नाही. तासाभरात गावातले चार जण झोळी घेऊन निम्म्या वाटेवर पोचले, खाली जीप तयार होती. अंधार पडायच्या आत ती राजूरच्या दवाखान्यात होती. हाड शाबूत होतं, नुसतीच मुरगळ.

परतीच्या बसमध्ये सगळे गावकऱ्यांचं कौतुक करत होते, हँडसेटवाल्याचंही. ते योग्यच होतं. कनेक्टरचं नाव कुणी काढलं नाही. काढणार तरी कसं? नीट बसलेला सांधा जाणवतच नाही. तो जाणवतो फक्त बिघडल्यावर, आणि तेव्हा बहुतेक वेळा पाऊस पडत असतो.

म्हणून तुम्ही या छंदात उतरणार असाल, तर बजेटच्या कागदावर रेडिओच्या खाली कनेक्टरची ओळ आधी लिहा. दोन वडापाव आणि एका कटिंगच्या हिशेबात चांगल्या आणि वाईटातला फरक भागतो. दुकानात चमक बघू नका, जाळून बघा. आणि दुकानदार ‘जाळून कशाला, गॅरंटी आहे ना’ म्हणाला, तर सरळ पुढचं दुकान गाठा!