हातावरचे पोट

रोजच्या कमाईवर जगणाऱ्याचे 'हातावर पोट आहे' असे मराठीत म्हणतात. हात आणि पोट यांचे जे नाते भाषेने इतक्या सहजपणे बांधून ठेवले, ते कायद्याला उमगायला मात्र पुष्कळ वर्षे लागली. अपघातात हात जातो तेव्हा नेमके काय जाते, या प्रश्नाचे उत्तर शल्यविशारदाला एका ओळीत देता येते. न्यायासनापुढे तोच प्रश्न अवघड होऊन बसतो, कारण तेथे हाताचा आकडा करावा लागतो.

आकडा करण्याची जुनी रीत तक्त्याची. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. हात गेला तर ६० टक्के, अंगठा ३०, तर्जनी १४, मधले बोट १२, करंगळी ७. दुसरा डोळा शाबूत असता एक डोळा ४०. बाजारातल्या भावफलकासारखा हा तक्ता वाचवत नाही. तरी त्याचा एक गुण मान्य केला पाहिजे : त्यात घासाघीस कमी होती, आणि गरिबाला घासाघीस परवडत नाही. दोष असा, की तक्ता हात पाहतो, हाताचा धनी पाहत नाही. एकलव्याचा अंगठाही या हिशेबाने ३० टक्क्यांचाच भरला असता. द्रोणाचार्यांना त्याचे खरे मोल ठाऊक होते. म्हणून तर त्यांनी नेमका तोच मागितला.

रस्त्यावरील अपघातांसाठी १९८८ चा मोटार वाहन कायदा आहे आणि त्याखाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे आहेत. तेथेही डॉक्टरच्या दाखल्यावरील टक्का उचलून तोच कमाईच्या हानीचा टक्का मानण्याची सवय पडली होती. ऑक्टोबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालपत्रात न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांनी या सवयीला हरकत घेतली. त्यांनी दिलेले उदाहरण साधे आहे. डावा हात गमावलेल्या माणसाचे शारीरिक अपंगत्व ६० टक्क्यांच्या आसपास भरेल. पण तो माणूस चालक किंवा सुतार असेल तर त्याची कमाईची शक्ती जवळजवळ पूर्णच गेली. तोच माणूस सरकारी कचेरीतला कारकून असेल, तर त्याची नोकरी टिकूही शकते. हात एकच, पण त्यावरचे पोट वेगळे.

या भेदाची किंमत रुपयांत मांडून पाहावी. महिना १५,००० रुपये मिळवणारा ३५ वर्षांचा सुतार घेतला, तर वर्षाचे १,८०,००० होतात. २००९ च्या दुसऱ्या एका निकालाने ठरवून दिलेला त्या वयाचा गुणक १६, गुणाकार २८,८०,०००. दाखल्यावरचे ६० टक्के धरले तर हाती येतात १७,२८,०००. भावी उत्पन्नवाढ, औषधोपचार, वेदना यांचा हिशेब निराळा. मृताच्या वारसांना भरपाई देताना त्याचा स्वतःवरचा खर्च वजा केला जातो. जखमीच्या बाबतीत ती वजावट नाही, कारण त्याला जेवावे लागतेच. गणित रुक्ष खरे, पण या एका ठिकाणी ते माणसासारखे वागते.

परंतु सुतार हा सुतार आहे, हे सिद्ध कोणी करायचे? पगारपत्रक त्याच्यापाशी नाही. त्याचा हिशेब मुकादमाच्या वहीत, आणि मुकादम साक्षीला यायला नाखूष. रंधा आणि पटाशी पुरावा म्हणून दाखल करता येत नाहीत. रुग्णालयात पोहोचवणाऱ्या शेजाऱ्याने घाईत 'पडला' एवढेच सांगितलेले असते. केसपेपरवर तो एक शब्द उतरतो आणि पुढे विमा कंपनीचा वकील त्यावर तासभर बोलतो. दाखला नुसता जोडून भागत नाही. तो देणाऱ्या डॉक्टरची साक्ष व्हावी लागते. पहिली खबर, पंचनामा, औषधांच्या पावत्या, घरी सोडल्याचे कार्ड हे सारे जपायचे असते, आणि तेही नेमके अशा दिवसांत, की ज्या दिवसांत माणसाला स्वतःची सदऱ्याची गुंडीही लावता येत नाही.

त्याच दिवसांत गाडीमालकाचा माणूस फळे घेऊन येतो. तो सज्जनही असतो कधी. दहा-वीस हजार रुपये, आणि 'आमची काही तक्रार नाही' असा टंकलिखित कागद. उजवा हात नाही, सही होत नाही. डाव्या अंगठ्याचा ठसा चालतो. घरात पीठ संपलेले असताना तो ठसा उमटू नये, अशी अपेक्षा बाळगणे दुरून सोपे आहे.

मुदतीचीही एक कथा आहे. १९९४ च्या दुरुस्तीने दाव्याची मुदत काढून टाकली होती. २०१९ च्या दुरुस्तीने १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मर्यादा पुन्हा घातली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हानही दिले गेले. दुसरी शस्त्रक्रिया आणि गावाकडचा प्रवास एवढ्यातच सहा महिने सरतात. त्यातल्या त्यात दिलासा हा, की पुण्यात जखमी होऊन गोरखपूरला परतलेल्या सुताराला राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणापुढेही दावा मांडता येतो.

ज्या हातांना कोणी मजुरीच देत नाही, त्यांचा हिशेब तर अधिकच बिकट. २०१० च्याच एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने दाखवून दिले, की २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या स्त्रिया भिकारी आणि कैदी यांच्यासोबत 'काम न करणाऱ्यां'त मोजल्या गेल्या होत्या. स्वयंपाकघरातल्या हातालाही मोल आहे, असे म्हणायला निकालपत्र लागावे, यात नवल वाटण्यासारखे फारसे नाही.

निकाल लागला तरी रक्कम लगेच हाती पडतेच असे नाही. न्यायालयाच्या मार्गदर्शनानुसार निरक्षर वा अल्पशिक्षित दावेदाराचे पैसे बहुधा बँकेत मुदत ठेवीत ठेवले जातात; मात्र उपजीविकेसाठी शेतीची अवजारे, रिक्षा अशी वस्तू घ्यायची असेल तर न्यायाधिकरण त्यातला काही भाग मोकळा करू शकते. सुतार आपल्या धाकट्या भावासाठी विजेचा रंधा मागतो. अर्जाला दुकानदाराचे दरपत्रक जोडावे लागते.