न रडणारे मूल

वाचकहो, मुलांच्या वॉर्डात जाण्याचा प्रसंग आपणांवर कधी आला असेल, तर सर्वांत मोठ्याने रडणाऱ्या मुलाकडेच आपली नजर प्रथम वळली असेल. मी तर परिचारिका होते, तरीही माझी नजर तिकडेच वळली. त्या चुकीची हकिकत आपणांस सांगावयाची आहे.

१९८४ सालच्या पावसाळ्यातील ती रात्र. एका सरकारी रुग्णालयात मी नवीनच लागले होते. जवळजवळ एकाच वेळी दोन मुले आली. कपाळ फुटलेला चार वर्षांचा मुलगा आक्रोश करीत होता. त्याचा सदरा रक्ताने भिजला होता. दुसरी, सात महिन्यांची मुलगी, आईच्या पदराखाली निपचित होती. आई म्हणाली, “सिस्टर, ही दुपारपासून रडलीच नाही. अंगावर पीतही नाही.” मी मुलीच्या कपाळास हात लावला. ताप बेताचाच वाटला. “दमली असेल, झोपू द्या,” असे सांगून मी मुलाची जखम धुवावयास गेले.

काही वेळाने इन्चार्ज सिस्टर फेरीला आल्या. पदर बाजूस सारून त्यांनी मुलीचे झबले हळूच वर केले आणि मनगटावरील घड्याळ समोर धरून त्या पूर्ण एक मिनिट उभ्या राहिल्या. श्वास ७२ भरले. प्रत्येक श्वासाबरोबर नाकपुड्या फुलत होत्या व बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात होता. न्यूमोनिया इतका बळावला होता की, रडण्यापुरता श्वासही तिच्यापाशी उरला नव्हता.

प्राणवायू सुरू झाला, डॉक्टर आले, पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले गेले. सिस्टर मला रागावल्या नाहीत. नोंदवही पुढे ठेवून, मुलगी आल्याची वेळ आणि श्वास प्रथम मोजल्याची वेळ त्यांनी माझ्याच हाताने लिहून घेतली. दोहोंमध्ये ३५ मिनिटांचे अंतर होते.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी कोणत्याही मुलास प्रथम हात लावला नाही, प्रथम पाहिले. हात लागताच मूल रडू लागते आणि रडणाऱ्या मुलाचे श्वास मोजून काहीच कळत नाही. थर्मामीटर, ज्याची घरोघरी प्रथम शोधाशोध होते, तो मी अखेरीस लावीत असे. तान्ह्या बाळाचा आजार गंभीर असला तर अंग तापण्याऐवजी गारही पडते, हे कित्येकांस ठाऊक नसते.

श्वास मोजावयाचे ते मूल शांत असताना, अंगावर पीत नसताना, छाती-पोट उघडे ठेवून. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करण्याचा मोह होतो; तो आवरावा, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. खोकला वा धाप असलेल्या मुलाचे मिनिटास दोन महिन्यांच्या आत ६०, पुढे वर्षापर्यंत ५० आणि पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून अधिक श्वास भरले, तर दवाखाना गाठण्यास विलंब करू नये. (अगदी लहान बाळाचे ६० भरल्यास पुन्हा एकदा मोजून खात्री करतात.) छाती आत ओढली जात असेल, मूल पीत नसेल, किंवा हाक मारूनही जागे होत नसेल, तर आकडा कितीही असो, तत्काळ निघावे.

हे मोजणे अवघड मुळीच नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ते खेड्यांतील दाईंच्या हाती दिले. मोठे आकडे न येणाऱ्या त्या स्त्रियांसाठी मण्यांचे साधन होते: दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवावयाचा, मिनिटभरात लाल मण्याशी पोहोचलो की न्यूमोनिया समजावयाचा. आता पायाच्या बोटास लावून रक्तातील प्राणवायू दाखविणारे यंत्र वॉर्डोवॉर्डी आले आहे. ते उत्तमच आहे. परंतु ते कोणत्या मुलास आधी लावावयाचे, हे यंत्र सांगत नाही. ते आई सांगते. त्या रात्री तिने मला स्वच्छ शब्दांत सांगितले होते. तिच्या वाक्यातील ‘रडलीच नाही’ हे शब्द मी सुवार्ता म्हणून ऐकले.

मुलगी वाचली. नवव्या दिवशी घरी जाताना आईने तिला माझ्याकडे दिले. इंजेक्शने देणारी बाई ओळखून तिने वॉर्ड डोक्यावर घेतला. आई ओशाळली, “गप गं,” म्हणत हात पुढे करू लागली. मी म्हटले, “असू द्या, रडू द्या तिला.”