साहेबांचं देणं

2006 च्या खरिपात मी मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका बँकेच्या शाखेत अधिकारी होते. 1 जुलैला पंतप्रधान मनमोहन सिंगांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. अकोला, अमरावती त्यात होतेच. थकीत पीककर्जाचं व्याज माफ, मुद्दलाचे तीन ते पाच वर्षांचे हप्ते, कास्तकार नव्या कर्जाला मोकळा. इकडे पेरणीचे दिवस हातचे चालले होते आणि वरून रोज विचारणा व्हायची, किती खात्यांचं पुनर्गठन झालं?

आमचे मॅनेजर साहेब आकडा कळवायचे, पण त्यांच्या खिशातल्या डायरीत हिशेब निराळा. कास्तकाराचं नाव आणि पुढे बारीक अक्षरात: 'बैलजोडी आहे, बियाणं नाही.' 'फेरफार तलाठ्याकडे अडकला.' मी विचारलं तर म्हणाले, "मॅडम, टार्गेट बँकेचं असते. यानं काय करायचं ठरवलं, ते मले माहीत पाहिजे."

एक म्हातारे काका दारातच उभे राहिले होते. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली. थकबाकीचा विषय काढलाच नाही.

"काका, यंदा किती एकर पेरता?"

"कायचं पेरतो सायेब, पडीकच राहीन."

"दोन एकर धरू. दोन एकराले काय काय लागते, सांगा."

सरकी, डीएपी, डवऱ्याची मजुरी, निंदण. काका सांगत गेले, साहेब लिहीत गेले. थोड्या वेळानं काका खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "मधात तूर टाकतो. अन् तीन एकर लिहा."

सगळं ठीक होईल, असं साहेब कधी कुणाला म्हणाले नाहीत. वऱ्हाडात पावसाची हमी कोण देणार? तरी त्यांच्या टेबलावरून कास्तकार आशा घेऊन उठायचा. स्नायडर या मानसशास्त्रज्ञानं आशेचे भाग सांगितले: ध्येय, तिथवर जायच्या वाटा आणि त्या वाटेनं चालायची उमेद. हे मी फार उशिरा वाचलं. तोवर ते सगळं त्या टेबलावर बघून झालं होतं. 'पॉझिटिव्ह राहा' असं नुसतं सांगणारी व्याख्यानं त्यामुळेच मला कधी पटली नाहीत.

अमरावतीच्या आढावा बैठकीत साहेब बोलणी खाऊन यायचे. त्यातला एक शब्दही आमच्यापर्यंत पोचला नाही.

माझ्यावरचं त्यांचं ऋण मात्र याहून खासगी आहे. मुलगी लहान म्हणून प्रमोशनच्या परीक्षेला बसायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. त्यांनी माझ्यासाठीही कोरा कागद काढला. कोणता विषय जड जातो, घरी मुलीजवळ कोण असतं, वाचायला वेळ कधी मिळेल? मी म्हटलं, संध्याकाळी लवकर सुटले तरच. दुसऱ्या दिवसापासून माझा डे-एंड, म्हणजे दिवसअखेरचा हिशेब बंद करायचं काम, ते स्वतः करू लागले, आणि मला अकोल्याची आधीची गाडी मिळू लागली.

मी पास झाले. पुढे अमरावतीत शाखा सांभाळताना, परीक्षा देणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याचा डे-एंड मी स्वतःकडे घेत आले.