नेऱ्याची शाळा

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी नेऱ्याला गेलो तो हवापालटासाठी नव्हे. घरचा कुत्रा तिथे सोडून येण्यासाठी. सांगताना आजही मान खाली जाते, पण वाचकांपासून लपवायचे कशाला?

मोती आमच्याकडे आला तेव्हा ओंजळीत मावत होता. वर्ष सरले नाही तोच तो आल्यागेल्याच्या अंगावर उड्या घेऊ लागला, चपला कुरतडू लागला आणि आम्ही कामावर गेलो की दाराआड बसून दुपारभर भुंकू लागला. शेजाऱ्यांची गाऱ्हाणी झाली, सोसायटीची चिठ्ठी आली. शेवटी एके दिवशी त्याने विद्यार्थ्यांच्या निबंधांचा गठ्ठा फाडला. मी संध्याकाळी घरी येऊन तो पाहिला आणि त्याला छडीने मारले. आमच्या सौभाग्यवतींचे मावसभाऊ, तात्या, नेऱ्यात शेती करतात. ‘तिथे तो मोकळा राहील,’ असे मी मुलीला सांगितले. ती काही बोलली नाही. मुकाट्याने बरोबर निघाली.

नेरे हे मुळशी तालुक्यातले गाव. हिंजवडीच्या संगणक-नगरीतल्या काचेच्या इमारती मागे पडतात न पडतात तो मारुंजीवरून पुढे भाताची खाचरे दिसू लागतात. पीक पिवळे होऊन वाकलेले होते. जवळच कासारसाईच्या धरणाचे पाणी. आता या बाजूलाही उंच घरे उठली आहेत. तात्यांचा कुत्रा बांधावर निवांत पहुडला होता आणि दूरच्या एका गॅलरीतून कोणाचा तरी कुत्रा सारखा भुंकत होता. तो आवाज माझ्या ओळखीचा होता.

मोतीने जाताच तात्यांच्या अंगावर झेप घेतली. तात्या ओरडले नाहीत. त्यांनी पाठ फिरवली आणि ते गप्प उभे राहिले. मोती पुन्हा उडाला. तात्या पुन्हा वळले. कंटाळून त्याचे चारही पाय जमिनीला लागले, त्याच क्षणी भाकरीचा तुकडा त्याच्या तोंडात पडला.

“दाजी, ह्यो कुत्रा वाईट न्हाई,” तात्या म्हणाले. “रिकामा हाय. रोज किती चालवता?”

“खाली नेतो की, दहा मिनिटे.”

तात्या नुसते हसले. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी आम्हांला शिवारात नेले. तासभर मोती पळाला, बांध हुंगत हिंडला. हुंगू द्यायचे, ओढायचे नाही. नाकाच्या कामानेही कुत्रा दमतो, हे तिथे मला कळले. त्या दुपारी तो ओसरीवर असा झोपला, की चपलांची रांग समोर असून त्याने डोळा उघडला नाही.

मग तात्यांनी मुलीला विचारले, “अंगावर आला की तुमी त्याला काय म्हणता?”

“बाबा ‘उतर’ म्हणतात, आई ‘खाली’, मी ‘डाऊन’. आणि आजी काहीच म्हणत नाही, पोळीचा तुकडा देते.”

“मंग त्यानं ऐकायचं कुणाचं?”

अठरा वर्षे मी मुलांना समानार्थी शब्द शिकवतो आहे. भाषेची ती श्रीमंती एका मुक्या जिवाला जाच होत असेल, हे ध्यानातच आले नव्हते. आणि आजींची पोळी? स्किनर व फर्स्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली बक्षिसांच्या वेळापत्रकावर मोठा ग्रंथ लिहिला, तो मुख्यतः कबुतरांवरच्या प्रयोगांवर. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय फार चिवट असते. जुगाऱ्याचे तेच होते. चार वेळा रागावून पाचव्यांदा पोळी देणारे आमचे घर मोतीला जुगारच शिकवत होते.

रात्री ओसरीवर बसलो असता महाभारतातली सरमा आठवली. जनमेजयाच्या यज्ञाजवळ तिच्या पिल्लाला त्याच्या भावांनी विनाकारण मारले. ‘याने हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही, मग का मारले?’ असे तिने विचारले. कोणालाच उत्तर देता आले नाही. सकाळी फाडलेल्या कागदांसाठी संध्याकाळी बसलेली छडी मोतीला तरी कशी उमगणार? माझ्या पायांची चाहूल लागली की मार बसतो, एवढेच तो शिकला असेल.

चौथ्या दिवशी मोती आमच्याबरोबरच परत आला. घरात सर्वांसाठी एकच शब्द ठरला, ‘खाली’. आजींची पोळी त्याचे पाय जमिनीवर असतानाच. सकाळ-संध्याकाळ पाऊण-पाऊण तास फेरी. पहिला आठवडा तो जास्तच उड्या मारू लागला. जुनी युक्ती चालेनाशी झाली, की आधी तिचा जोर वाढतो. आम्ही ढळलो नाही. महिनाभरात उड्या थांबल्या, दुपारचे भुंकणे पुष्कळ कमी झाले. चपला मात्र अजून कपाटातच ठेवतो.

सगळेच चालण्याने बरे होते असे नाही. फटाक्यांची भीती हा खोडकरपणा नव्हे; त्या दिवसांत अंधारापूर्वी फेरी उरकून खिडक्या लावाव्यात आणि आपण जवळ बसावे. एकाएकी चावू लागलेल्या कुत्र्याला आधी पशुवैद्याकडे न्यावे. कुठेतरी दुखत असेल.

यंदाही सुटीत नेऱ्याला जाणार आहोत. मुलीने जाण्याआधीच विचारून ठेवले आहे, “बाबा, परत येताना मोती असेल ना?” प्रश्न ऐकून बरे वाटले नाही; पण तो विचारण्याचा तिला हक्क आहे.